मध्यरात्रीचे फूल

वऱ्हाडातील उन्हाळा मोठा कडक. अकोला-अमरावतीकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर चढतो आणि अंगणातील कुंड्यांत लावलेली नाजूक झाडे माना टाकतात. अशा दिवसांत कडुनिंबाच्या सावलीत, न्हाणीघराच्या भिंतीला टेकून, एक ओबडधोबड झाड कसाबसा जीव धरून असते. ते बहुधा तेलाच्या रिकाम्या डब्यात किंवा फुटक्या बादलीत लावलेले असते. त्याला धड बुंधा नसतो, सरळ फांद्या नसतात. लांब, चपट्या, हिरव्या पट्ट्या वाटेल तशा वाढून खाली लोंबत असतात. येणारा-जाणारा त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

मृगाच्या सरी कोसळल्या, जमीन निवली, की या झाडात फरक पडू लागतो. पट्टीच्या काठावर ज्या खाचा असतात, त्यांतील एखाद्या खाचेतून मुगाच्या दाण्याएवढा तांबूस कोंब डोकावतो. तो वाढत जातो, त्याला लांब देठ फुटल्यासारखा दिसतो आणि काही आठवड्यांनी त्याच्या टोकाशी एक मोठी टपोरी कळी खाली मान घालून लोंबू लागते. आता मात्र घरातील माणसांचे लक्ष तिच्याकडे वेधते. कोणी पाणी घालते, कोणी कुंडी ओसरीत आणून ठेवते. अखेर एके दिवशी असे दिसते की, कळीचा देठ हंसाच्या मानेप्रमाणे वळला आहे आणि खाली पाहणारी कळी आता समोर पाहू लागली आहे. अनुभवी गृहिणी तेवढ्यावरून ओळखते आणि कुंपणावरून शेजारी निरोप देते, “काकू, आज रात्री आमच्याकडे या जी, ब्रह्मकमळ उमलणार आहे.”

रात्री आठ-नऊच्या सुमारास कळीचे टोक किंचित सुटते. बाहेरच्या अरुंद, गुलाबीसर पाकळ्या मागे सरतात आणि आतील शुभ्र पाकळ्यांची फट दिसू लागते. घड्याळाचा तासकाटा जसा चालताना दिसत नाही, परंतु काही वेळाने पाहिले तर पुढे गेलेला असतो, तसेच येथे होते. मुले टक लावून बसतात, तरी पाकळी हलली केव्हा हे सांगता येत नाही. क्षणभर नजर दुसरीकडे गेली आणि परत आली, की फूल मघापेक्षा मोठे झालेले असते. अकराच्या पुढे ते पूर्ण विकसित होते. ते वीतभर रुंद असते आणि देठासारख्या दिसणाऱ्या नळीसह त्याची लांबी याहूनही अधिक भरते. आत बारीक केसरांचा झुपका असतो. त्यांतून एक पांढरा दांडा पुढे आलेला असतो आणि त्याच्या टोकाशी चांदणीसारखे फाटे असतात. काही लोक या रचनेत शेषशायी विष्णू पाहतात, काहींना ब्रह्मदेवाचे आसन दिसते. सुगंध तर असा दरवळतो की, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या माणसालाही फूल कोणत्या घरी उमलले आहे ते कळावे. गृहिणी फुलाला हळदकुंकू वाहते, निरांजन ओवाळते. बायका-मुले भोवती बसतात. चहा होतो, गप्पा होतात. पहाटेपूर्वी फूल मिटू लागते आणि सकाळी शाळेला निघालेल्या मुलाला त्या जागी ओल्या कापडाच्या बोळ्यासारखी एक लोंबती वस्तू तेवढी दिसते.

या फुलाचे ब्रह्मकमळ हे नाव मात्र उसने आहे. ज्याला पूर्वीपासून ब्रह्मकमळ म्हणतात ते फूल निराळे. ते हिमालयात, साधारण ३,००० मीटरच्या वरच्या थंड उतारांवर वाढते. केदारनाथ आणि बदरीनाथ येथे ते देवाला वाहतात. उत्तराखंड राज्याने त्याला राज्यपुष्पाचा मान दिला आहे. त्याचे कूळ सूर्यफुलाचे. त्याच्या ज्या फिकट, कागदासारख्या पाकळ्या दिसतात, त्या खरोखर पाकळ्या नसून थंडी-वाऱ्यापासून आतील लहान फुलांचे रक्षण करणारी पाने होत. ते एका रात्रीत कोमेजतही नाही. आपल्या ओसरीतील झाड निवडुंगाच्या कुळातील आहे. त्याचे मूळ स्थान मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेचा मुलूख. वऱ्हाडी ठेच्यातील मिरची आणि हारातील निशिगंध ही दोन्ही ज्या मुलखातून आली, त्याच बाजूने हेही आले. तेथे ते दमट अरण्यात मोठ्या वृक्षांच्या बेचक्यांत वाढते. ते वृक्षाचा रस शोषून घेत नाही. केवळ आधारापुरते त्याच्या अंगावर राहते. त्याच्या ज्या पट्ट्यांना सारे जण पाने म्हणतात, ती पाने नव्हेत, चपट्या झालेल्या फांद्या आहेत. म्हणून तर त्यांच्या काठांवर फुले येतात. पानाला फूल येते अशी जी नवलाची गोष्ट सांगितली जाते, तिचा उलगडा एवढाच आहे.

आता हे फूल रात्रीच का उमलते? फुलाचे खरे काम पाहणाऱ्याचे डोळे निवविणे हे नव्हे. एका फुलातील पराग दुसऱ्या फुलापर्यंत पोचावा आणि बी धरावे, हे त्याचे काम. झाडाला चालता येत नाही, म्हणून त्याला पाहुणे बोलवावे लागतात. दिवसा मधमाश्या आणि फुलपाखरे यांची गर्दी असते. त्यांच्यासाठी तांबडी, निळी, पिवळी फुले पाकळ्या पसरून बसलेली असतात. रात्री निराळे पाहुणे हिंडतात, ते म्हणजे पतंग आणि वटवाघळे. अंधारात तांबडा रंग काळा पडतो, निळाही दिसेनासा होतो. पांढरा तेवढा उरतो. म्हणून रात्रीची बहुतेक फुले पांढरी किंवा फिकट असतात. रंगाने जे साधत नाही ते ती वासाने साधतात. पारिजातक, रातराणी, निशिगंध, बूच यांकडे पाहावे. सारी फिकट आणि सारी सुवासिक. ब्रह्मकमळाची नळी फार लांब असते आणि तिच्या तळाशी मध असतो. सामान्य कीटकाचे तोंड तेथवर पोचत नाही. त्याच्या मायदेशी लांब सोंडेचे मोठे पतंग आहेत. ते फुलासमोर हवेत तरंगत राहून आत सोंड घालतात आणि त्यांच्या अंगाला पराग माखतो. सूर्य मावळल्यावर हे पतंग बाहेर पडतात, तेव्हाच फूलही दार उघडते. वनस्पतीच्या देहात वेळ मोजण्याची काही अंगभूत व्यवस्था असते. निरनिराळी फुले निरनिराळ्या ठरावीक वेळी उमलतात व मिटतात, हे पाहून लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५१ साली फुलांच्या घड्याळाची कल्पना मांडली होती. त्याच्या घड्याळात पहाटेपासूनची फुले होती. वऱ्हाडातील एखाद्या घराने ते लावायचे ठरविल्यास मध्यरात्रीचा आकडा मोकळा राहणार नाही.

कोणी म्हणेल, रात्री जागण्यात विशेष ते काय? वऱ्हाडाला रात्र जागविणे नवे नाही. भाद्रपदी पौर्णिमेपासून मुलींची भुलाबाईची गाणी सुरू होतात. झाकलेल्या डब्यातील खिरापत ओळखण्याची चढाओढ लागते आणि कोजागिरीला आटीव दुधाचे पातेले चांदण्यात ठेवून सारे घर चंद्र माथ्यावर येण्याची वाट पाहते. परंतु या साऱ्या तिथी पंचांगात छापलेल्या असतात. ब्रह्मकमळाची तिथी कोणत्याही पंचांगात नसते. ती झाड ठरविते, आणि तीही आदल्या दिवशी सांगत नाही. ज्याला ती गाठायची असेल त्याने रोज झाडाकडे पाहत राहिले पाहिजे. असे फुलाच्या मर्जीने चालणारे उत्सव फार थोडे. त्यांतील सर्वांत मोठा जपान देशात होतो.

जपानी लोक चेरीच्या मोहोराला साकुरा म्हणतात आणि तो पाहण्याच्या उत्सवाला हानामी, म्हणजे फुले पाहणे. मार्चच्या अखेरीस टोकियोच्या आसपास चेरीची झाडे फुलतात. पालवी फुटण्याआधीच फुले येतात, त्यामुळे सारे झाड फिकट गुलाबी ढगासारखे दिसते. हा बहर आठवडाभर टिकतो. मध्येच वारा-पाऊस आला तर तेवढाही नाही. दक्षिणेकडून उत्तरेकडे तो पुढे पुढे सरकत जातो आणि साऱ्या देशाचे लक्ष त्याच्याकडे लागून राहते. तेथील हवामान खात्याने जागोजागी काही झाडे नेमून ठेवली आहेत. त्या झाडावर पाच-सहा फुले उमललेली दिसली, की त्या शहरी मोहोर सुरू झाल्याचे अधिकृतपणे जाहीर होते. मग उद्यानात झाडाखाली बसायला जागा मिळावी म्हणून कचेऱ्यांतील नव्या नोकरांना सकाळपासूनच चटई अंथरून बसविण्यात येते. पूर्वी ही चैन राजदरबारापुरती होती. अठराव्या शतकात तोकुगावा योशिमुने या शोगुनाने, म्हणजे लष्करी सत्ताधीशाने, आजच्या टोकियोतील सुमिदा नदीच्या काठी आणि आसुकायामा टेकडीवर चेरीची झाडे लावविली, आणि सामान्य माणसालाही मोहोराखाली बसण्याची सोय झाली.

दिवसभर कामात गुंतलेली माणसे फुले पाहणार केव्हा? त्यांच्यासाठी रात्र आहे. रात्रीच्या चेरीला जपानी भाषेत योझाकुरा असा स्वतंत्र शब्द आहे. टोकियोतील उएनो उद्यानात मोहोराच्या दिवसांत झाडांमधून कागदी कंदिलांच्या रांगा लावतात. क्योतोच्या मारुयामा उद्यानात लोंबत्या फांद्यांची एक भव्य चेरी आहे; रात्री तिच्यावर प्रकाश सोडला, की काळ्या आकाशातून फुलांचा धबधबा खाली येत आहे असे वाटते. कुटुंबेच्या कुटुंबे डबे घेऊन येतात, अंथरलेल्या चटईच्या कडेला पादत्राणे रांगेने काढून ठेवतात, जेवतात, गातात. फांदी मोडणे हा मोठा असभ्यपणा समजला जातो.

येथे एक भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. चेरी रात्रीसाठी उमलत नाही; ती दिवसाही तशीच फुललेली असते, आणि रात्रीची शोभा माणसाने कंदील लावून उभी केलेली असते. ब्रह्मकमळाने रात्र स्वतः निवडली आहे. त्याला दिव्याची गरज नाही. किंबहुना दिवा मंद असला तरच त्याची शुभ्रता खुलते. हल्ली फूल उमलले, की त्याच्या तोंडावर प्रखर उजेड पाडून छायाचित्रे घेण्याची घाई उडते, आणि छायाचित्र मिळाल्यावर मंडळी पाठ फिरवतात. एक छायाचित्र घ्यावे, मग दिवा मालवून दहा मिनिटे नुसते बसून राहावे, हे बरे. जपानातही हे फूल घरोघरी लावतात आणि त्याला ‘गेक्का बिजिन’, म्हणजे चांदण्यातील सुंदरी, म्हणतात. चीनमध्ये क्षणात झळकून मावळणाऱ्या वैभवाला या फुलाची उपमा देतात.

चेरी आणि ब्रह्मकमळ यांच्यात एक साम्य मात्र मोठे विलक्षण आहे. जपानी उद्यानांतून सर्वांत अधिक दिसणारी चेरीची जात सोमेई-योशिनो ही होय. तिची देशभरातील सारी झाडे एकाच मूळ झाडाची कलमे आहेत. वरुड-मोर्शीकडे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात, त्यातलाच हा प्रकार. सारी झाडे एका अंगाची, म्हणून एका गावात ती एकदमच फुलतात. ब्रह्मकमळाचेही तसेच आहे. ते कोणी बी पेरून लावीत नाही. एका घरी फूल पाहायला गेलेली काकू परतताना एक पट्टी मागून आणते, मातीत खोचते, आणि दोन-तीन वर्षांनी तिच्याकडेही फूल येते. तिच्याकडून ती पट्टी मुलीबरोबर अकोल्याहून अमरावतीला जाते. अशा रीतीने एकाच झाडाचे अंश गल्लीभर पसरतात, आणि एका घरी कळी उमलली त्याच रात्री आणखी दोन घरी उमलल्याचे पुष्कळदा आढळते. परंतु याचा दुसरा परिणाम असा की, या फुलाला आपल्याकडे फळ क्वचितच धरते. त्याला आपल्याच झाडाचे पराग सहसा चालत नाहीत. आणि शेजारच्या घरचे फूल झाले तरी ते त्याच झाडाचे. शिवाय त्याच्या ओळखीचे पतंग दूर मेक्सिकोत राहिले. हाक देऊन फूल रात्रभर उघडे राहते. येतात ती माणसे.

ज्याच्या हाकेला खरोखर पाहुणा येतो असे रात्रीचे फूल पाहायचे, तर अमरावती जिल्ह्याच्याच उत्तरेस मेळघाटात जावे लागेल. तेथे सातपुड्याच्या रांगांतून मोहाची झाडे आहेत. फाल्गुन-चैत्रात पाने गळून गेल्यावर मोहाच्या फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे घोस लागतात. मोहाचे फूल दिसायला साधे असते. त्याच्या पाकळ्या एकमेकींना चिकटून एक मांसल, फिकट, गोड गोळा झालेला असतो. रात्री त्याचा वास जंगलात पसरतो आणि फळे खाणारी मोठी वटवाघळे येतात. ती घोसांना लोंबकळतात, गोड गर खातात, आणि तोंडाला व अंगाला लागलेले पराग या झाडावरून त्या झाडावर नेतात. उत्तररात्री फुले टपटप गळू लागतात. सकाळी झाडाखाली फिकट फुलांचा सडा पडलेला असतो.

हा सडा पाहण्यासाठी कंदील लावून कोणी बसत नाही, तरी मेळघाटात या दिवसांत रात्रीचे जागणे घडतेच. येथील कोरकू कुटुंबे उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. उशीर झाला तर हरणे आणि गुरे फुले खाऊन टाकतात. अस्वलाला तर मोहाचे मोठे वेड. अंधारात त्याची गाठ पडली तर जिवावरचा प्रसंग ओढवतो. म्हणून सोबतीने जातात, बोलत-खोकत जातात. वाकून वाकून एकेक फूल वेचायचे, टोपली भरायची, अंगणात पसरून वाळवायची. वाळलेले फूल मनुकेसारखे तांबूस व सुरकुतलेले दिसते. ते उकडून खातात, पिठात मिसळतात, गुरांनाही घालतात, आणि उरलेले बाजारात विकून मीठ-मिरची आणतात. मोहाची दारूही गाळतात आणि तेवढ्यावरून शहरातील लोक या झाडाला नावे ठेवतात. परंतु शेतात दाणा नसलेल्या दिवसांत याच फुलांनी पुष्कळ चुली पेटत्या ठेवल्या आहेत, हे त्यांना ठाऊक नसते.

फुले वेचण्याच्या कामात एक धोका दडलेला असतो. चैत्रात जमिनीवर वाळल्या पानांचा जाड थर असतो आणि त्यात पडलेली फुले दिसत नाहीत. म्हणून काही जण झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा मोकळी करतात. काम झटपट होते. पण वारा सुटला, की ती आग झाडाखाली थांबत नाही. ती डोंगर चढते. वाटेत जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जळतात, गवत जळते, आणि मोहाची बोटभर उंचीची रोपेही जळतात. मोठे झाड बहुधा वाचते, म्हणून नुकसान झालेले दिसत नाही. ते पुढे कळते. जुने झाड वठते आणि त्याच्या जागी उभे राहायला तरुण झाड नसते. मोहाला फुलावर यायला दहा-एक वर्षे लागतात. पाचोळा झाडूने बाजूला सारावा किंवा झाडाखाली जुनी लुगडी, जाळी अंथरून फुले त्यांवर पडू द्यावीत, हा साधा उपाय आहे. त्यात फुले मातीत मळत नाहीत, त्यामुळे त्यांना भावही बरा येतो.

गळून पडतो तो फुलाचा गोड गर. बी धरणारा भाग फांदीवरच राहतो आणि जूनच्या सुमारास त्याचे फळ पिकते. त्या फळातील बियांचे तेल काढतात. ते स्वयंपाकाला, दिव्याला आणि अंगाला लावायला उपयोगी पडते. हे बी मात्र फार दिवस टिकत नाही. साठवून ठेवले तर त्याची उगवण्याची शक्ती लवकरच जाते. म्हणून सारेच बी घरी न नेता त्यातील थोडे, पहिला पाऊस पडताच, ताजे असतानाच मातीत पुरावे लागते.